त्या सोप्या प्रश्नाचं उत्तर

सुमन, आधी हे ऐक, बाकीचं मग.

तो आपला अनवाणी धावणारा आठवते ना? आफ्रिकेतला, रोमच्या रस्त्यावर बूट न घालता बेचाळीस किलोमीटर धावला आणि सोन्याचं पदक घेऊन गेला तो. आपल्याले वाटत होतं त्याची गोष्ट तिथंच संपली. नाही संपली. चार वर्षांनी तो जपानात पुन्हा धावला, यावेळी बूट घालून, आणि पुन्हा पहिला आला. महिना-सव्वा महिना आधी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. अजून पुढं ऐक. दुसऱ्या नंबरचा यायचाच होता, आणि हा गडी मैदानातल्या गवतावर उताणा पडून, पाय वर करून व्यायाम करून राहिला होता. जसं काही सकाळचं फिरून आला.

प्रज्ञानं मोबाईलवर वाचून दाखवलं आणि मी उठून चपला शोधायले लागली. पोरीनं विचारलं, आई, कुठं चालली? तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं असं काही कळलं की तुले सांगायले मी चपला घालत आली, पायालेच सवय. मग मी चपला पायात असतानाच ओट्यावर बसली.

तुले जाऊन आज अठरा दिवस झाले. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागं कोण कोण आहे, हे सारं तुझ्या सुनेनं पेपरात दिलं, फोटो टाकून. फोटो चांगला आहे, फक्त त्यात तू चूप बसली आहे. मले ते काही लिहायचं नाही. मले तुझ्याशी बोलायचं आहे. एक मोठी गोष्ट झाली तुझ्या तेरवीत, ती सांगायची आहे. माझ्या पोटात मावत नाही ती. पण ओळीनं सांगते, नाहीतर तू म्हणशील वत्सला नेहमीसारखी शेपटीकडून धरते.

पहिल्या भेटीत तू मले साडी विकायले आली होती आणि मी तुझा कागद मागितला होता. जवाहरनगरच्या आमच्या कारखान्याच्या क्वार्टरात दर शनिवारी तुझा फेरा असायचा. भंडाऱ्याच्या बसनं यायची, डोक्यावर गाठोडं, आणि घरच्या मागावर विणलेली प्रत्येक साडी जुन्या पेपरात गुंडाळलेली. तू हिरवी साडी उलगडली, काठ दाखवला, आणि मी पेपर वाचत बसली. मी तिसरी शिकलेली. पुढचं वाचन मी प्रज्ञाच्या पुस्तकांवर आणि किराण्याच्या पुड्यांवर शिकली, त्यामुळं अक्षर दिसलं की माझे डोळे तिकडंच जातात. त्या कागदावर अमेरिकेतल्या एका मोठ्या मुष्टियोद्ध्याची गोष्ट होती. बारा वर्षांचा असताना त्याची नवीकोरी सायकल चोरीले गेली. तो पोलिसाकडं गेला आणि म्हणाला, चोर सापडू द्या, मी त्याले बदडून काढतो. त्यावर पोलीस म्हणाला... आणि तिथं कागद फाटलेला.

मी तुले विचारलं, पुढं काय आहे? तू म्हणाली, पुढं पदर आहे, दाखवते. मी म्हटलं, पदर राहू द्या बाई, पोलीस काय म्हणाला? तू माझ्याकडं असं पाहिलं की मले वाटलं आता ही गाठोडं उचलून शेजारी जाते. मग तू कागद हातात घेतला, वाचला, आणि सारं गाठोडं माझ्या ओट्यावर सोडलं. आपण दोघींनी सात साड्या उलगडल्या. उरलेला तुकडा जांभळ्या साडीले होता. पोलीस म्हणाला होता, आधी लढायले तर शीक. आणि त्यानंच शिकवलं. जगज्जेत्याचा पहिला गुरू तो सायकलीची तक्रार लिहून घेणारा पोलीस.

त्या दिवशी तू एकही साडी विकली नाही आणि दुपारची बस चुकवली. जाताना म्हणाली, "पुढल्या शनिवारी मी एक विचारीन. तयार राहा."

असा आपला खेळ लागला. नाव आपण घ्यायचं नाही, खुणा सांगायच्या, नाव समोरचीनं ओळखायचं. म्हणून इथंही मी कोणाचं नाव लिहीत नाही, तुले सारे ठाऊक आहेत. खेळाडू तुझे, राजे माझे, ही वाटणी पहिल्या महिन्यातच झाली. तुझी सगळ्यात लाडकी ती अमेरिकेतली धावणारी. बावीस भावंडांतली विसावी, लहानपणी पोलिओनं पाय गेलेला, पायाले लोखंडी पट्ट्या, आणि मोठी झाल्यावर एकाच ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं. तू चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ही गोष्ट गल्लीतल्या प्रत्येक बाईले सांगितली. जिचा पाय दुखत होता तिले सांगितली, जिचा दुखत नव्हता तिलेही.

माझ्या राजांवर तू विश्वास ठेवत नव्हती. दिल्लीचा तो बादशहा आपल्या पुस्तकांच्या खोलीच्या पायऱ्यांवरून पडून गेला हे मी सांगितलं तेव्हा तू म्हणाली, इतकी पुस्तकं वाचून पाय कुठं ठेवायचा हे नाही कळलं त्याले? आणि फ्रान्सच्या त्या सेनापतीवरून तर तीन शनिवार भांडण. मी म्हणे, तो बुटका नव्हता, चारचौघांएवढा होता. तू म्हणे, चित्रात बुटका दिसते. शेवटी मी सांगितलं की फ्रान्सचा इंच आपल्या इंचापेक्षा मोठा होता, म्हणून मापात तो कमी भरला. त्यावर तू मांडीवर थाप मारून म्हणाली, बरोबर आहे, बाबूरावच्या हातानं मोजलेलं सूत आणि माझ्या हातानं मोजलेलं, साडीमागं वीतभर फरक पडते. अख्ख्या जगानं त्या माणसाले चुकीच्या हातानं मोजलं तर.

आणि तू नवऱ्याले सरळ बाबूराव म्हणायची. गल्लीतून ओरडायची, ओ बाबूराव, कांड्या संपल्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कानच गरम झाले. मी आमच्या ह्यांले "अहो" म्हणते, प्रज्ञा झाल्यावर "प्रज्ञाचे बाबा". रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की मी कागदावर लिहून देते. लिहिता येते, तोंडातून निघत नाही. तू खूप हसायची. म्हणायची, तुम्ही लोकांनी छपन्न सालापासून एवढं सारं सोडलं, देव सोडले, उपास सोडले, आणि ही एक गाठ काहून ठेवली वो वत्सले?

मी म्हणे, असू दे एक.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला, अर्धं ऑफिस तिकडं गेलं, आणि आपल्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात जिल्ह्याचं पान सारं खोटं ठरलं. तू पेन्सिल घेऊन तालुके खोडत बसली आणि आनंदानं म्हणाली, "गोंदियाकडच्या बाया फार हुशार होत्या. गेल्या तिकडं. आता आपला नंबर लागते."

कारण त्याच्या पुढल्या साली महिलांची जिल्हा प्रश्नमंजूषा जाहीर झाली होती. दोघींची जोडी, एकीचा विषय इतिहास, दुसरीचा क्रीडा. आपल्यासाठीच कोणी ठेवली की काय, असं वाटलं. तू त्या आठवड्यात गाठोडं घेऊन निघालीच नाही. मी रोज भंडाऱ्याले यायची. तू चरख्याजवळ, मी पाट टाकून समोर, आत बाबूरावच्या मागाचा खटखट आवाज, आणि आपण एकमेकींवर प्रश्न फेकून राहिलो. एका दुपारी तू हात न थांबवता मले सांगितलं की सातवीत असताना तुझं नाव स्कॉलरशिपच्या परीक्षेत होतं. पवनीच्या शाळेतल्या गुरुजींनी स्वतः घरी येऊन सांगितलं होतं. परीक्षेच्या दिवशी लग्नाच्या साड्यांचं काम आलं आणि तुले कांड्यांवर बसवलं. मग शाळाच सुटली. तू म्हणाली, "मले कप नको, साडी नको. एक कागद पाहिजे. त्यावर लिहिलं पाहिजे, सुमनले एवढं एवढं येते. बस."

हे तू एकदाच म्हणाली, पण मी ते ऐकलं होतं. म्हणून पुढचं सांगताना आजही मान खाली जाते.

हॉलमध्ये किती बाया होत्या ते आठव. तू पिवळी साडी नेसली होती, स्वतः विणलेली. हॉकीच्या जादूगाराची काठी आत चुंबक आहे का म्हणून मोडून पाहिली असं सांगतात, त्याचा प्रश्न आला आणि तू प्रश्न संपायच्या आधी घंटी मारली. अनवाणी धावणारा आला, तू मारली. माझा पायऱ्यांवरून पडलेला बादशहा आला, मी मारली. एकेक जोडी गळाली आणि शेवटी आपण आणि साकोलीच्या दोघी, गुण सारखे. प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणाल्या, आता शेवटचा प्रश्न, इतिहासाचा, चिठ्ठीत पहिला मान भंडाऱ्याच्या जोडीचा, आणि उत्तर जिचा विषय तिनंच द्यायचं. तू टेबलाखाली माझा हात दाबला.

प्रश्न होता, कलिंगाच्या लढाईनंतर शस्त्र खाली ठेवून बुद्धाच्या मार्गानं गेलेला सम्राट कोण?

इतका सोपा प्रश्न अख्ख्या दिवसात आला नव्हता. पहिल्या रांगेतल्या बाया तर उत्तर म्हणून मोकळ्याही झाल्या असतील मनात. तुझा हात एकदम सैल पडला, कारण तुले कळलं. तुले माझ्याआधी कळलं. सुमन, दारापाशी आमचे हे उभे होते. ड्यूटी सुटल्यावर कारखान्याच्या बसमधून थेट तिथं उतरले होते, हातात डबा. त्यांलेही कळलं. ते दुरून मान हलवून राहिले, म्हण, म्हण.

मी माईकवर म्हटलं, ज्याचं चक्र झेंड्यावर आहे तो. बाई हसून म्हणाल्या, बरोबर ताई, पण नाव? मी म्हटलं, ज्याचे सिंह नोटेवर आहेत तो. हॉल हसला. मी म्हटलं, ज्यानं आपल्या लेकीले बोधीची फांदी देऊन लंकेले पाठवलं तो. बाई घड्याळाकडं पाहून राहिल्या. मागून कोणीतरी मोठ्यानं म्हटलं, "बौद्धाच्या घरची आणि हे नाही येत?" घंटी वाजली. साकोलीच्या बाईनं एका दमात सांगितलं.

परत येताना तू रिक्षातून तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरली, दोन पावलं गेली, परत आली आणि म्हणाली, "तीन खुणा सांगितल्या तू. एक शब्द नाही दिला मले." आणि गेली.

तीन शनिवार तू आली नाही. चौथ्या शनिवारी ओट्यावर गाठोडं आपटलं आणि पाणी मागायच्या आधी विचारलं, "कलिंगाचा प्रश्न. सांग." मी म्हटलं, झेंड्यावर चक्र. तू म्हणाली, चूक. मग पाणी प्यायली. त्या दिवसापासून आपल्या भेटीची सुरुवातच ती झाली. दर वेळेस तू विचारायची, मी खूण सांगायची, तू चूक म्हणायची, आणि मग आपण चहा प्यायचो. लोक रामराम करतात, जयभीम करतात, आपण हे करत होतो.

मी काही कमी नव्हती. वर्षभर शोधून मी एक जबरदस्त गोष्ट आणली होती. आठवते, पावसात भिजत आली होती मी? तो राजा आपल्या शिलालेखांत बहुतेक ठिकाणी स्वतःचं नाव घेतच नाही. देवांचा लाडका, प्रियदर्शी, असंच म्हणवून घेते. मी दारातूनच ओरडली, प्रियदर्शी म्हणायले पाहिजे होतं, नाव न घेता उत्तर होतं! आणि वरून म्हटलं, ज्या राजानं स्वतः आपलं नाव घेतलं नाही, त्याचं मी काहून घेऊ? तू चरखा थांबवला. मले वाटलं मी जिंकली.

तुले उत्तर शोधायले दोन महिने लागले, पण तू आणलंच. म्हणाली, "वत्सले, सगळे दगड चूप होते, म्हणून किती तरी वर्षं लोकांले खात्रीच नव्हती, हा प्रियदर्शी म्हणजे कोणता राजा. मग कर्नाटकात एका गावात एक दगड सापडला. त्याच्यावर नाव होतं. एका दगडानं सारं पक्कं झालं. मले तुझ्याकडून एकच दगड पाहिजे. स्टेजवर नको, माईकवर नको. माझ्यासमोर, एकदा."

मले हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, देईन कधीतरी.

आता जे तुले कधी सांगितलं नाही ते सांगते. तू समजत होती मी लाजेनं घेत नाही, रिवाज म्हणून. तसं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या साली आम्ही सासरी आंबागडले होतो, ह्यांची नोकरी लागायची होती. धानाच्या रोवणीचे दिवस. हे बांधावर बैलगाडीत उभे होते, मी चिखलात. जावा मले चिडवून राहिल्या होत्या की नाव घे, नाव घे. मी तरुण होती, जोरात होती. मी किल्ल्याच्या टेकडीकडं तोंड करून सारा आवाज लावून नाव घेतलं. हे हसून वळले, बैल बिचकले, आणि हे गाडीवरून खाली. चाक पायावरून गेलं. पाच महिने खाटेवर. पाय अजून वाकडा पडते, तू पाहिलंच आहे. तू विचारलं होतं एकदा, भाऊजींच्या पायाले काय झालं, मी म्हटलं, लहानपणचं आहे.

बैल आवाजानं बिचकले हे मले तेव्हाही कळत होतं. कोणतंही नाव घेतलं असतं तरी बिचकले असते. आमच्या घरात अपशकुन कोणी मानत नाही, मीच दुसऱ्यांले समजावते. पण त्या दिवसानंतर ते नाव जिभेवर आलं की मले ते चाक दिसायचं. तुझ्यासमोर हे कसं कबूल करू? तू म्हटलं असतं, एवढं वाचते आणि बैलाच्या भीतीनं मेली. खरं सांगते, तू तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण मी म्हणू दिलंच नाही तुले.

मग तुझा श्वास बिघडला. दवाखान्यात मी आली तेव्हा नाकाले नळी, आणि तरी तू बोटानं खूण केली, जवळ ये. मले वाटलं पाणी पाहिजे. तू म्हणाली, "तो ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन. शेवटच्या डावात चार रन पाहिजे होते, मग सरासरी शंभर. किती काढले?" मी म्हटलं, शून्य. तू म्हणाली, "त्याले चार पाहिजे होते. तुले एकच शब्द पाहिजे. खेळते?"

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी वाकली, तुझ्या कानाजवळ तोंड नेलं. सुमन, शपथ आहे, पहिलं अक्षर तोंडात आलं होतं. आणि बाहेर व्हरांड्यातून ह्यांच्या पायाचा आवाज आला, ते सरकत पडणारं पाऊल. मी म्हटलं, उद्या सांगते.

तू म्हणाली, "चूक." आणि डोळे मिटून हसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेस फोन आला.

तेरवीले तुमच्या अंगणात मांडव होता. माग बंद. मी त्या घरात कधी तो आवाज नसताना बसली नव्हती. जेवणं आटपत आली, आमचे हे पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरून राहिले होते, आणि बाबूरावभाऊ पाहुण्यांत बसून तुझ्याबद्दल बोलायले लागले. फार कौतुकानं बोलत होते. तू किती वाचायची, कागद कसा फेकू द्यायची नाही. मग म्हणाले, "सगळं येत होतं तिले. आफ्रिकेतला कोण, अमेरिकेतला कोण. एका राजानं तेवढा घात केला. लहान लेकराले येते ते नाव हिले जिल्ह्याच्या स्टेजवर नाही आठवलं, म्हणून हरली. मी लय चिडवलं तिले त्याच्यावरून, आतापर्यंत. नुसती हसायची."

पाहुणे हसले. तुझी सून म्हणाली, हो ना, आईंनी स्वतःच सांगितलं आम्हाले, मीच विसरली म्हणे.

मी हातातला घास ताटात ठेवला. सुमन, हे तू काय करून ठेवलं? बाबूरावभाऊ त्या दिवशी हॉलमध्ये नव्हते, मागावर होते. घरी जाऊन तू त्यांले सांगितलं की मीच विसरली. बौद्धाच्या घरचीले येत नाही हा टोमणा माझ्या दारापर्यंत येऊ नये म्हणून तू तो आपल्या घरात घेतला आणि रोज ऐकत गेली. आणि दर शनिवारी माझ्या ओट्यावर येऊन मले चूक म्हणत राहिली, त्यात एकदाही हे सांगितलं नाही. मले वाटायचं माझ्या मनावर ओझं आहे. तू तर ते कधीच उचलून नेलं होतं.

मी उभी झाली. गुडघे दुखतात हे विसरूनच गेली. मी म्हटलं, भाऊ, तिले येत होतं. प्रश्न माझा होता, विषय माझा होता. मलेही येत होतं. मी नाव घेतलं नाही, कारण ते माझ्या मालकाचं नाव आहे.

सून म्हणाली, कोणतं नाव, काकू?

पहिल्यांदा आवाजच निघाला नाही, नुसती हवा. मग मी तुझ्या हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं आणि म्हटलं, "अशोक."

मोठ्यानं म्हटलं. आंबागडच्या बांधावर म्हटलं होतं तेवढंच. आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाले आमचे हे जग घेऊन वळले आणि विचारलं, कोण हाक मारून राहिलं? त्यांची नजर माझ्यावरून दोनदा गेली, तरी थांबली नाही. त्यांले वाटलं कारखान्यातला कोणी जुना सोबती आला. सगळी पंगत माझ्याकडं पाहून राहिली होती, फक्त ज्यांचं नाव घेतलं ते सोडून. मग त्यांले कळलं. जग खाली ठेवला त्यांनी. पडले नाहीत, सुमन. नुसते उभे राहिले.

बाबूरावभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं उगाच चिडवलं? आणि तिनं काहून ऐकून घेतलं?" मग ते तुझ्या फोटोकडं तोंड करून एकदम म्हणाले, "लबाड." आणि हसायले लागले. हसता हसता डोळे पुसत होते. तेरा दिवसांत ते पहिल्यांदा हसले असं सून नंतर म्हणाली.

मग जे सुरू झालं ते तू पाहायले पाहिजे होतं. तुझी सून उठली आणि म्हणाली, आईंचा एखादा प्रश्न विचारा ना काकू. मी बावीस भावंडांतली विसावी विचारली. तुमची अख्खी गल्ली एका आवाजात उत्तर देऊन मोकळी झाली. मी सायकल चोरीले गेलेला विचारला. तोही आला त्यांले. म्हाताऱ्या बायांले आला. पान लावणाऱ्याले आला. मी विचारत गेली, ते सांगत गेले, तेरवीच्या मांडवात लोक हात वर करून राहिले होते. तुले एक कागद पाहिजे होता ना, सुमनले एवढं एवढं येते असा? मी तो लिहून टाकला आहे. शिक्का नाही, सही तिसरी पास वत्सलेची. बाबूरावभाऊंनी फ्रेम करायले नेला.

घरी आल्यावर फाटकाशी स्कूटरवरून उतरताना हे म्हणाले, तुझा आवाज बदलला नाही. तेवढंच. बांधावरचं मी त्यांच्याशी कधी बोलली नाही, तेही बोलले नाहीत. त्यांले आठवते हे मले त्या दिवशी कळलं.

त्यानंतर पाच दिवस मी त्यांच्या मागं मागं आहे. जिन्यावर पाहते, न्हाणीत गेले की बाहेर उभी राहते, रस्ता ओलांडताना दम धरून बसते. काही झालं नाही. दोन वेळ जेवून राहिले, दुपारी घोरून राहिले. काल त्यांच्या पायाच्या सांध्याले तेल लावताना मी त्यांले सारं सांगितलं, ते चाक, ते बैल, आणि तू. ते म्हणाले, बैल माझेच बिचकट होते, मी कासरा सोडून टाळ्या वाजवून राहिलो होतो, तुले काय वाटलं? टाळ्या, सुमन. माझं नाव घेणं त्यांले एवढं आवडलं होतं. हे मले कोणी सांगितलंच नाही, आणि मी विचारलंही नाही.

आज सकाळी ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी आत चहा गाळला, दोन कप ठेवले, आणि कोणी विचारलं नसताना, कोणता प्रश्न नसताना, नावानं हाक मारली. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, "हो, आलो."

ओट्यावरून आत यायले एक उंच पायरी आहे. जपून या, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी ते म्हटलं नाही.